संशय कंट्रोलरवर, दोष तारेत

‘के’ प्रकारचे थर्मोकपल दर अंश सेल्सिअसमागे जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देते. इंजेक्शन मोल्डिंग यंत्राच्या बॅरलवर त्याच्यापासून चार बोटांवर 230 व्होल्टचा बँड हीटर आवळलेला असतो. तापमान कंट्रोलरच्या कितीतरी तक्रारी या विषम शेजारातून निघतात. तरीही आकडा नाचू लागला की आधी कंट्रोलर बदलला जातो. तो दर्शनी असतो, चार स्क्रू काढले की हातात येतो. थर्मोकपलसाठी मात्र गरम यंत्राशी वाकावे लागते. हा क्रम उलटा आहे, हे या परिषदेच्या अध्यक्षपदावरून स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

कंट्रोलरची प्राथमिक परीक्षा दोन मिनिटांची असते. हीटरचा पुरवठा बंद करून थर्मोकपल सोडवावे आणि इनपुटची दोन टर्मिनले तांब्याच्या तुकड्याने जोडावीत. पॅनेलमधले तापमान, समजा 35 अंश, स्थिर दिसले तर संशय तारेकडे वळवावा. पुरवठा बंद ठेवण्याची अट औपचारिक नाही: 35 वाचणारा कंट्रोलर पूर्ण ताकदीने उष्णता मागतो. केबल वाटेत चेपून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या तरी हेच घडते. कंट्रोलर त्या चेपल्या जागेचे तापमान वाचतो आणि बॅरल तापतच राहते. तार पूर्ण तुटली तर बहुतेक कंट्रोलर इशारा देतात. चेपलेली तार मात्र बिनबोभाट खोटे बोलते.

दुसरा घोटाळा रंगांचा. अमेरिकी पद्धतीत ‘के’ची पिवळी तार धन आणि लाल ऋण, तर आयईसी पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लाल म्हणजे धन अशी सवय झालेला हात इथे हमखास चुकतो. उलटी जोडणी एकाच टोकाला झाली, तर तापवताना आकडा खाली जातो आणि चूक लगेच पकडली जाते. जोडकेबल दोन्ही टोकांना उलटी लागली, तर आकडा वाढतो, पण कमी वाढतो. थर्मोकपलचे डोके 60 अंशांवर आणि पॅनेल 35 वर असेल, तर वाचन सुमारे 50 अंशांनी कमी येते. जोडकेबलऐवजी साधी तांब्याची वायर ओढली, तर ही तूट 25 अंशांची.

पीटी-100 मध्ये प्रश्न रोधाचा. तो अंशामागे 0.385 ओहम बदलतो, म्हणून दोन तारी जोडणीत तारांचा एक ओहमही सुमारे 2.6 अंशांची भर घालतो. तीन सारख्या तारा वापरल्या की हे निस्तरते.

अर्थिंगचा दोष पावसाळ्यात किंवा लांब सुट्टीनंतर जास्त दिसतो. हीटरमधील मॅग्नेशियम ऑक्साइड ओल शोषते आणि गळती प्रवाह यंत्राच्या अंगावर येतो. यंत्राचे अर्थिंग सैल असेल, तर अंगाचा दाब वाढतो आणि जोड आवरणाला टेकलेल्या थर्मोकपलमार्फत कंट्रोलरपर्यंत पोचतो. हीटर चालू-बंद होताच आकडा उडी मारतो, ही त्याची खूण. अशा वेळी काही जण अर्थची तार सोडून आकडा शांत करतात. तो कामगाराच्या जिवाशी खेळ आहे. आधी अर्थिंग घट्ट करावे, हीटरचा इन्सुलेशन रोध मेगरने तपासावा. 500 व्होल्ट लावण्यापूर्वी कंट्रोलर अर्थातच सोडवलेला हवा. त्यानंतरही उडी राहिली, तर आवरणापासून अलग जोडाचे थर्मोकपल बसवावे. शील्ड एकाच टोकाला जमिनीशी जोडावे, एरवी पॅनेलच्या बाजूला. जोड आवरणाला टेकलेला असेल तर सेन्सरच्या बाजूला. दोन्ही टोके जोडली की शील्ड स्वतःच प्रवाहाची वाट बनते.

दुरुस्तीनंतर सर्व झोन एकदम चालू करू नयेत. एकेक हीटर चालू करून त्याच झोनचा आकडा आधी आणि वेगाने चढतो का ते पाहावे. दुसऱ्या झोनचा हीटर चालू असताना तिसऱ्याचा आकडा पुढे धावत असेल, तर दोन थर्मोकपलांची अदलाबदल झालेली असते.