वाळूपासून सिलिकोनपर्यंत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मी वाळूवर बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. सोने दुर्मीळ म्हणून मोलाचे ठरले. वाळू पायाखालची, म्हणून उपेक्षित राहिली. परंतु भूकवचाच्या वजनात ऑक्सिजनचा वाटा सुमारे ४६ टक्के आणि सिलिकॉनचा सुमारे २८ टक्के आहे. आपण ज्या भूमीवर उभे आहोत तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग या दोन मूलद्रव्यांचाच आहे.

ऑक्सिजनशी सिलिकॉनचे सख्य इतके दृढ, की निसर्गात ते सहसा एकटे सापडत नाही. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांनी १८२४ साली ते वेगळे केले. सिलिकेटांत सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसतात. हे चतुष्फलक परस्परांशी कसे जोडले जातात, यावर खनिजाचा स्वभाव पुष्कळसा ठरतो. त्यांचे पातळ थर झाले की अभ्रक, शंखजिरे आणि चिकणमाती मिळते. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात ते याच कारणाने. चारही कोपरे सर्व दिशांनी जखडले गेले, की कठीण गारगोटी तयार होते.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही सिलिकेटांचाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून तो घडला. त्यातील वायूच्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्याने पुढे झिओलाइटांचे स्फटिक आणि अकीक निर्माण केले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील हे स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत.

आता सिलिकोनकडे वळू. सिलिकॉन हे मूलद्रव्य, तर सिलिकोन हे माणसाने घडविलेले संयुग. फरक एका स्वराचा, पण गुणधर्म सर्वस्वी निराळे. नॉटिंगहॅमचे प्राध्यापक किपिंग यांनी या पदार्थांना हे नाव दिले. तथापि या शाखेच्या भवितव्याविषयी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी निराशाच व्यक्त केली. अवघ्या तीन वर्षांनी, १९४० साली, अमेरिकेत यूजीन रोचो यांनी तांब्याच्या साहाय्याने तप्त सिलिकॉनवर मेथिल क्लोराइड वायूची क्रिया घडवून या पदार्थांच्या विपुल उत्पादनाचा मार्ग खुला केला. यांच्या रेणूचा कणा वाळूप्रमाणे सिलिकॉन-ऑक्सिजनचा, तर बाजूच्या फांद्या कार्बनच्या. म्हणून ते उष्णतेला दाद देत नाहीत आणि तरीही लवचीक राहतात. तान्ह्या बाळाच्या बाटलीचे बूच, रुग्णाच्या शरीरात घालावयाची नळी, खिडकीच्या फटी बुजविणारे लुकण, हा सारा त्यांचाच परिवार.

येथवर विज्ञानाचे कौतुक झाले. परंतु वाळूची दुसरी बाजू न सांगता खाली बसणे मला उचित वाटत नाही. गारगोटीयुक्त दगड कापताना अतिसूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे फुफ्फुसाच्या खोल कप्प्यांत पोहोचते. तिला गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात आणि त्या जागी कठीण व्रण साचत जातात. हाच सिलिकोसिस. यावर बरे करणारे औषध नाही. क्षयाचा धोकाही त्याने वाढतो.

आपल्या कित्येक मुलांनी परमुलखात पाटीवर श्रीगणेशा गिरविला. दसऱ्याला त्याच पाटीवर आपण सरस्वती रेखाटतो. त्या पाटीवरील पेन्सिली मध्यप्रदेशातील मंदसोर भागात यंत्रावर कापल्या जात. तेथील कामगारांची जी पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली, तीत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी घासणाऱ्यांची व्यथाही हीच. तेथे काम बहुधा घरातच चालते. त्यामुळे कारखान्यांचे कायदे उंबऱ्याबाहेर थांबतात आणि धूळ मात्र स्वयंपाकघरापर्यंत जाते. ऑस्ट्रेलियाने तर ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गारगोटी-दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली.

बंधुभगिनींनो, हा रोग असाध्य असला तरी अटळ नाही. दगड ओला ठेवून कापणे, धूळ उगमापाशीच ओढून घेणारे पंखे बसविणे आणि योग्य प्रतीचा मुखवटा देणे, एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात. तोंडाला बांधलेला साधा रुमाल येथे उपयोगी पडत नाही. आपल्यापैकी कित्येक जण अभियंते आहेत, ठेकेदार आहेत, अधिकारी आहेत; घर तर प्रत्येकालाच बांधावयाचे वा दुरुस्त करावयाचे असते. आपल्या अंगणात फरशी कोरडी कापली जात असेल, तर पाण्याची नळी पुढे करावी आणि त्या कामाचा वाढीव खर्च आनंदाने सोसावा. ज्या प्रांताने आपल्याला अन्न आणि आसरा दिला, तेथील श्रमिकांचा श्वास राखणे हेही मंडळाच्या कार्यातच मोडते, असे मी मानतो.