‘आचार्यांना’ की ‘आचाऱ्यांना’?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘संगणक आणि मराठी’ या विषयावर बोलायला मला दहा मिनिटे मिळाली आहेत. वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला हा विषय सोपा जाईल, असे संयोजकांना वाटले असावे. पण आपल्या मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे तो अजिबात सोपा नाही.

एका शब्दापासून सुरुवात करते. ‘आचार्यांना नमस्कार सांगा’ आणि ‘आचाऱ्यांना नमस्कार सांगा’. पहिला नमस्कार गुरुजींना, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांना. दोघेही आदरणीय, आणि आजच्या जेवणानंतर तर दुसरे जरा जास्तच! पण निरोप योग्य माणसाला पोचायला हवा. फरक आहे तो फक्त ‘र’चा. एका शब्दात तो रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात आडवा होऊन ‘य’ला चिकटतो.

हिंदीला या आडव्या ‘र’ची गरज पडत नाही, आपल्याला मात्र पावलोपावली पडते. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. तिथे हा आडवा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडायचा, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. म्हणून कधीकधी समोर दिसत असलेला शब्द शोधूनही सापडत नाही. ‘ॲ’चीही अशीच गोष्ट. आपण तो फळ्यावर कधीपासून लिहीत होतो, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला २००८ साली.

तरी मी तक्रार करायला उभी नाही. उलट आनंदाने सांगते, की शाळेत शिकवलेले बरेचसे यंत्राच्या पोटात जसेच्या तसे आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचे नुसते आकार साठवलेले असत. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग ‘क’. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला, की त्याला भलतीच अक्षरे दिसत. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ येतो, मग वेलांटी. ‘क्ष’ म्हणजे ‘क्’ आणि ‘ष’, ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज्’ आणि ‘ञ’. ‘जोडाक्षरे फोडून दाखवा’ हा परीक्षेतला प्रश्न संगणक न चुकता सोडवतो. इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर तर स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात, ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर.

मग अडते कुठे? आपल्या बोटांवर. आपल्यापैकी बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. एम, ए, एल, ए अशी चार अक्षरे दाबली, तर ती ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ की ‘माळा’? डी, आय, एन म्हणजे ‘दिन’ की ‘दीन’? फोन शब्दांची यादी पुढे करतो आणि आपण त्यातला एक उचलतो. आपण आधी शुद्धलेखन घोटले होते, म्हणून बरोबर शब्द ओळखतो. ज्या मुलांनी ते घोटलेले नाही, त्यांची ती यादीच शिक्षिका होते. ही शिक्षिका शिकते तरी कोणाकडून? लोकांनी आधी जे लिहिले, त्यातून. बरोबर काय हे तिला कळत नाही, वारंवार काय येते तेवढेच कळते.

माझी मुलगी बंगळुरूत वाढते आहे. मराठी छान बोलते, पण लिहायची ती इंग्रजी अक्षरांत. तिच्या आजीला ते वाचता येत नाही, म्हणून दोघी आवाजी निरोप पाठवत. आजीचा आवाज ऐकू येतो, ही लहान गोष्ट नाही. पण पुरणात गूळ किती घालायचा, एवढे शोधायला पाच मिनिटांचा निरोप पुन्हा ऐकावा लागतो. लिहिलेला निरोप मात्र एका नजरेत सापडतो, आणि पुढे जपूनही ठेवता येतो.

म्हणून मी मुलीच्या फोनवर देवनागरी कळफलक लावला आणि शब्द सुचवणे बंद केले. आजीला रोज एक वाक्य लिहायचे, एवढाच नेम. सुरुवातीला ‘ळ’ सापडेना. ‘पाणी’चे ‘पानी’ व्हायचे. आजी रागावत नाही, चुकलेला शब्द फक्त नीट लिहून परत पाठवते. काही महिन्यांनी मुलीने लिहिले, ‘आजी, मला तुझ्या हातच्या पुऱ्या हव्यात.’ आडवा ‘र’ बरोबर जागी होता. आजीने ते वाक्य शेजारणींना वाचून दाखवले.

आपल्या बॅचच्या गटावर एक विनंती करते. शाळेच्या आठवणी तिथे देवनागरीत लिहूया. रोज नको, आठवड्याला चार ओळी पुरेत. कोणी चूक दाखवली, तर ‘समजलं ना, मग झालं’ असे म्हणू नये. जे आपण लिहू, तेच उद्या कोणाच्या तरी फोनमधल्या यादीत येणार आहे. आपण लिहिलेच नाही, तर ती यादी दुसरे कोणी भरेल.

बाई, आपणही आता गटावर आला आहात. आमच्या ओळींवर पूर्वीसारखेच लाल पेन चालवा. स्मरणिकेत हे भाषण छापून येईल, तेव्हा सुरुवात त्यापासूनच करायला हरकत नाही.