ठाण्यातली सही



वसंत व्याख्यानमालेत मारामारीच्या सिनेमावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण संघटनेच्या कामात ज्यांच्याशी माझी गाठ पडते ती माणसे व्याख्यानाला येत नाहीत, सिनेमाला जातात. तेथे ती टाळ्या कशाला देतात, हे पाहणे मी माझ्या कामाचाच भाग मानतो.

‘सिंघम’ २०११ साली आला. गोव्याच्या सीमेवरचे शिवगड आणि तेथला मराठी ठाणेदार बाजीराव. मूळ कथा मात्र तामिळ. हरी या दिग्दर्शकाचा ‘सिंगम’ आदल्याच वर्षी आला होता. खलनायक दोन्हींत एकच, प्रकाश राज. हिंदीत तो जयकांत शिकरे. हा जामिनावर सुटला आहे आणि ठरल्या दिवशी शिवगडच्या ठाण्यात येऊन सही करण्याची त्याला अट आहे. तो आपली माणसे पाठवतो. ठाणेदार म्हणतो, चालणार नाही, त्याने स्वतः यावे. आणि त्या बड्या असामीला यावे लागते!

येथे थिएटर दणाणते. का, ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्याला विचारा. थकलेल्या पगारासाठी तो वर्षानुवर्षे हेलपाटे घालतो. मालकाचे तोंड त्याला दिसत नाही. वकील येतो, तारीख घेतो, जातो. आमचा माणूस मात्र दिवसाची मजुरी बुडवून हिंगणघाटहून एस.टी.ने आलेला असतो. ती सही बघताना मीही टाळी वाजवली, हे कबूल करतो. त्या ठाणेदाराने कायद्याबाहेरचे काहीच मागितले नव्हते.

शेवटी मात्र तेच पोलीस त्या शिकरेला गोळी घालतात, आणि टाळ्या तितक्याच पडतात. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ साली याच शेवटावर बोट ठेवले. न्यायाला वेळ लागतो म्हणून तो झटपट उरकावा, हा संदेश त्यांना घातक वाटला. मला त्यात एक भर घालायची आहे. पडद्यावरची लाठी वर चढते; खरी लाठी उताराने वाहते. १९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तो निघाला, पटकथा तेंडुलकरांची. त्यातला वेलणकर प्रामाणिकच फौजदार आहे. रामा शेट्टीपर्यंत त्याचा हात पोचत नाही, आणि त्याच्या रागाने कोठडीत मरतो तो एक भुरटा चोर.

मूळ ‘सिंगम’चे गाव तूतुकुडी जिल्ह्यातले दाखवले आहे. त्याच जिल्ह्यात, सातानकुळम येथे, जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून एका बापलेकांना पोलिसांनी धरून नेले. मारहाणीनंतर दोघेही दगावले. तेव्हा हरी यांनी जाहीरपणे म्हटले की, पोलिसांचा गौरव करणारे पाच चित्रपट काढल्याचा मला खेद होतो. असे बोलायला धैर्य लागते. आमच्याकडच्या कोणी तसे म्हटल्याचे माझ्या कानावर नाही.

हे सारे मी वर्ध्याच्या स्टँडवर एका कामगाराला सांगत होतो. तो म्हणाला, “भाऊ, असा ठाणेदार आपल्या इथं आला त काय वाईट?”

मी म्हटले, “संपाच्या दिवशी गुंड कोण, हेही तोच ठरवेल.”

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, “ते खरं हाय. पण मंग मालकाची सही कोन घेईन?”

तेवढ्यात त्याची गाडी लागली.