कवड्यांच्या बेटांत सूर्यशक्तीचा बाजार

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूर्यशक्ती हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे विज्ञान प्रदर्शन उभे राहते. काळ्या रंगाची पेटी, वर काच, आत शिजत ठेवलेला भात आणि शेजारी पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणून दाखविणारा सातवीतला मुलगा. ते प्रदर्शन हवेच. पण मी विज्ञान शाखेचा नव्हे, कला शाखेचा पदवीधर आहे. म्हणून आज यंत्राच्या पोटातील गोष्टी थोडक्यात आटोपून मी तुम्हाला बाजारात घेऊन जाणार आहे. ऊन फुकट आहे, मग उन्हाची वीज महाग का? ती स्वस्त होते तेव्हा कशामुळे होते? या प्रश्नांची उत्तरे ज्या देशात फार स्पष्ट दिसतात तो देश म्हणजे मालदीव.

मालदीव आपल्याला अगदीच परका नाही. दरवर्षी मे महिन्यात हवामान खाते मोसमी वाऱ्यांच्या वाटचालीची बातमी देते, तेव्हा केरळच्या आधी मालदीव आणि कोमोरिन भागाचे नाव येते. आपला पाऊस त्या वाटेने येतो. ११५३ साली तेथील राजाने इस्लामचा स्वीकार केला, आणि १३४३ च्या सुमारास प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता तेथे पोहोचून काही महिने काझी म्हणून राहिला. त्याने तेथील कवड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. या बेटांच्या उथळ समुद्रात मिळणाऱ्या कवड्या जहाजे भरभरून बंगालमध्ये जात, आणि त्या बदल्यात तांदूळ येई. बंगालच्या बाजारात त्या कवड्या नाणे म्हणून चालत. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणतो. त्या कवडीचे मोठे माहेर ते हेच. समुद्रातून पैसा वेचून परदेशी पाठविणारा हा मुलूख आज डॉलर परदेशी पाठवितो आणि त्या बदल्यात डिझेल आणतो.

देशाची रचना पाहा. सुमारे बाराशे प्रवाळ बेटे, त्यांपैकी एकशे ऐंशीच्या आसपास बेटांवर लोकवस्ती. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराइतकी, आणि तीही शेकडो मैलांच्या समुद्रात विखुरलेली. नदी नाही, धरण नाही, कोळसा नाही, तेलाची विहीर नाही. एका बेटावरची वीज दुसऱ्या बेटावर नेण्यासाठी आपल्यासारखे तारांचे जाळे नाही. म्हणून वस्तीच्या प्रत्येक बेटाला स्वतःचे वीजघर, आणि त्या वीजघरात डिझेलची इंजिने. तेल प्रथम मोठ्या जहाजाने येते, मग लहान बोटींनी बेटोबेटी पोहोचते. समुद्र खवळला की तेलाची वाट पाहणे आले.

पिण्याचे पाणीसुद्धा या विजेवर अवलंबून आहे. राजधानी मालेमध्ये समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून नळाला सोडतात. डिसेंबर २०१४ मध्ये त्या यंत्रणेला आग लागली आणि अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचविले होते. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी ती अवस्था. अशा देशात वीज ही केवळ दिव्या-पंख्यांची सोय नव्हे हे ध्यानात घ्यावे.

आणि वर ऊन? विषुववृत्ताजवळचा देश, थंडीचा ऋतू नाही, दिवस बारा महिने जवळपास सारखेच. एक किलोवॉटच्या सौरपट्ट्या तेथे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज सहज देतात. डिझेल जाळून केलेली वीज मात्र महाग, आणि दूरच्या लहान बेटांवर तर फारच महाग. शाळेतला मुलगाही म्हणेल, मग सौरपट्ट्या बसवा आणि मोकळे व्हा! राज्यकर्त्यांनाही ते कळत होते. २००९ साली अध्यक्ष महंमद नशीद यांनी दहा-एक वर्षांत देश कार्बनमुक्त करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या पाण्याखाली भरवून त्यांनी जगाचे लक्ष वेधले. ज्या देशाची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच्या आसपास उंच आहे, त्याला समुद्र चढण्याची भीती वाटली तर नवल नाही. पण २०२० साल उलटले, तरी इंजिने धडधडतच राहिली.

सूर्यशक्तीचे यंत्र महाग होते म्हणून, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. डिझेल पिंपागणिक मिळते, ओळखीवर काही दिवस उधारही मिळते. सूर्याचे मात्र वीस वर्षांचे तेल पहिल्याच दिवशी विकत घ्यावे लागते. पट्ट्या, तारा, लोखंडी सांगाडे हा सारा खर्च आधी. नंतर वीस वर्षे जवळजवळ काहीच नाही. एवढी रक्कम खिशात कोणाच्या असते? ती कर्जाऊ आणावी लागते, आणि मग विजेचा भाव सूर्यावर ठरत नाही, व्याजावर ठरतो.

विद्यार्थ्यांनी वहीत गणित करून पाहावे. एक लाख रुपयांचे यंत्र सहा टक्के व्याजाने घेतले आणि वीस समान वार्षिक हप्त्यांत फेडले तर हप्ता सुमारे ८,७०० रुपये येतो. तेच चौदा टक्क्यांनी घेतले तर सुमारे १५,१०० रुपये. यंत्र तेच, ऊन तेच, युनिटेही तेवढीच. पण दुसऱ्याची वीज पहिल्यापेक्षा पाऊणपट अधिक महाग झाली. व्याजाच्या व्यवहाराविषयी आपली धार्मिक भूमिका तुम्हाला ठाऊक आहे, त्या चर्चेत मी आता शिरत नाही. नफ्याची भागीदारी म्हणा वा भाडे म्हणा, ज्याचा पैसा अडकतो तो आपल्या धोक्याची किंमत लावतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

धोका कसला? सौर प्रकल्प उभारणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याची वीज घेणारे गिऱ्हाईक एकच, म्हणजे तेथील सरकारी वीज कंपनी. राजधानीकडे ती ‘स्टेल्को’, दूरच्या बेटांवर ‘फेनाका’. ती बिले वसूल करते रुफियामध्ये, व्यापाऱ्याला हवे असतात डॉलर. देशात डॉलर येतात ते मुख्यत्वे पर्यटकांकडून. त्यांची चणचण तेथे वरचेवर होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंतच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली, ती याच अडचणीसाठी. शिवाय सरकार बदलले की करार टिकेल का, हा प्रश्न. भारतातील जीएमआर कंपनीला मालेचा विमानतळ चालविण्याचे कंत्राट २०१० मध्ये मिळाले आणि २०१२ मध्ये ते रद्द झाले. प्रकरण लवादापुढे गेले, आणि २०१६ साली मालदीवला सुमारे २७ कोटी डॉलर मोजावे लागले. त्या वादात कोणाची बाजू किती खरी हे ठरविणे माझे काम नाही. पण ही बातमी ज्या व्यापाऱ्याने वाचली, त्याने आपल्या भावात चार पैसे वाढविलेच असणार.

म्हणजे उणीव उन्हाची नव्हती, पतीची होती. आणि यावर निघालेला तोडगा आपल्या गावच्या माणसालाही समजेल असा आहे: जामीन उभा केला. २०१४ साली जागतिक बँकेने ‘अस्पायर’ नावाची योजना मंजूर केली. बँकेने पट्ट्या विकत घेऊन दिल्या नाहीत. वीज कंपनीने वेळेवर पैसे दिले नाहीत, किंवा डॉलर मिळेनासे झाले, तर आम्ही पाठीशी आहोत अशी हमी तिने दिली. करार दीर्घ मुदतीचा, अटी आधीच लिहिलेल्या, निविदा उघड.

परिणाम आकड्यांत पाहा. हुलहुमाले येथील पहिला प्रकल्प दीड मेगावॉटचा. भाव युनिटला २१ अमेरिकन सेंट. डिझेलपेक्षा बरा, पण स्वस्त नव्हे. त्यानंतर ५ मेगावॉटची निविदा निघाली. २०२० साली भाव आला १०.९ सेंट. मग ११ मेगावॉटची. २०२२ साली ९.८ सेंट, आणि त्या वेळी ६३ गुंतवणूकदारांनी रस दाखविला होता. काही वर्षांत भाव निम्म्याहून खाली! या काळात जगभर सौरपट्ट्याही स्वस्त झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सारे श्रेय जामिनाला देता येणार नाही. पण नुसत्या स्वस्त पट्ट्यांनी त्रेसष्ट जण पाच लाख वस्तीच्या बाजाराकडे वळले नसते, असे माझे मत आहे. पहिल्या प्रकल्पाचे पैसे वेळेवर मिळताना इतरांनी पाहिले, म्हणून पुढच्या निविदांना गर्दी झाली.

येथे पालकांसाठी थोडे विषयांतर करतो. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. तरीही आपल्या जमातीत उत्तम कारागीर असूनही दुकानाचा हिशेब लिहिलेला नाही, म्हणून भांडवल उभे राहत नाही, अशी घरे थोडी नाहीत. मुलगा वायरिंग शिकतो ते चांगलेच. त्याच्या जोडीला वाणिज्य शाखेकडे मुलींना पाठवा असे मी अनेकदा सांगतो, ते उगीच नाही. सौर प्रकल्पात पट्टी बसविणाऱ्याइतकाच करारनामा वाचणारा माणूस लागतो.

आता बाजाराच्या बाकीच्या अडचणी. पहिली जागेची. एक मेगावॉटच्या पट्ट्या जमिनीवर पसरायच्या तर दोन-अडीच एकर तरी हवी. देशातील सुमारे चाळीस टक्के लोक राजधानीच्या परिसरात दाटीवाटीने राहतात. तेथे एवढी मोकळी जमीन कोठून आणणार? म्हणून शाळांची, दवाखान्यांची, सरकारी इमारतींची छपरे वापरली, रस्त्याच्या कडेची जागा वापरली. ‘स्विमसोल’ नावाच्या ऑस्ट्रियन कंपनीने २०१४ पासून तेथील उथळ समुद्रावर तरंगणाऱ्या पट्ट्यांचा प्रयोग चालविला आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती दिवस टिकते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. तेथे साधा बोल्टही विचार करून निवडावा लागतो.

दुसरी अडचण सवलतीची. सरकार विजेवर व इंधनावर अनुदान देते, त्यामुळे घरगुती ग्राहकाला डिझेलच्या विजेची खरी किंमत बिलात दिसत नाही. जे दिसत नाही ते वाचविण्यासाठी स्वतःच्या छपरावर खर्च कोण करणार? गरिबाला सवलत मिळाली पाहिजे हे खरे. पण तीच सवलत सूर्याच्या वाटेत आडवी येते, हा पेच मोठा अवघड आहे. याउलट पर्यटकांची हॉटेले पाहा. त्यांची बेटे स्वतंत्र, इंजिने स्वतःची, डिझेलचा पुरा भाव स्वतःच्या खिशातून. आणि त्यांच्याकडे डॉलर असतात. त्यांतील कित्येकांनी कोणाच्या जामिनाची वाट न पाहता सौरपट्ट्या बसविल्या. एकाच देशात, एकाच उन्हात हे दोन वेगळे बाजार आहेत.

तिसरी अडचण लहानपणाची. दोनशे घरांच्या बेटासाठी वेगळी निविदा काढली तर पट्ट्यांपेक्षा जहाजाचे भाडे आणि अभियंत्याचा प्रवास जड व्हायचा. यासाठी अनेक बेटांची कामे एकत्र बांधून द्यावी लागतात. आशियाई विकास बँकेच्या मदतीने दूरच्या बेटांवर डिझेल आणि सूर्य यांची जोड-यंत्रणा बसविण्याचे काम अशाच रीतीने झाले.

आणि शेवटची अडचण खुद्द इंजिनाची. लहान बेटावर दुपारी सूर्याची वीज वाढली की इंजिनावरचा भार कमी होतो. पण डिझेलचे इंजिन फार कमी भारावर चालविले तर ते नीट जळत नाही, काजळी धरते, बिघडते; म्हणून त्याला साधारण तिसरा हिस्सा भार तरी ठेवावा लागतो. ते बंद करावे तर एखादा ढग आला की सारे बेट अंधारात. याला उपाय विजेचा साठा करणारी बॅटरी. बॅटरी ढग आल्यावर क्षणात भार उचलते, इंजिनाला दुपारची सुट्टी देते.

२०२३ साली दुबईच्या हवामान परिषदेत अध्यक्ष महंमद मुइझ्झू यांनी २०२८ पर्यंत देशाची ३३ टक्के वीज अपारंपरिक मार्गांनी मिळविण्याचे लक्ष्य जाहीर केले. विजेचा फार मोठा भाग अजून डिझेलवरच निघतो, तेव्हा ही उडी लहान नाही. त्या मुलखात संध्याकाळ रेंगाळत नाही. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मगरिबची नमाज आटोपेतो पुरता अंधार होतो. नेमके तेव्हाच लोक घरी परततात, दिवे लागतात, थंड हवेची यंत्रे सुरू होतात, आणि सौरपट्ट्या शून्यावर आलेल्या असतात. तो भार आजही इंजिनेच उचलतात. म्हणून आता तेथे पट्ट्यांच्या जोडीने बॅटऱ्यांच्या निविदा निघत आहेत, आणि बॅटरीचा व्यापारीही तोच प्रश्न विचारतो आहे, जो पट्टीच्या व्यापाऱ्याने दहा वर्षांपूर्वी विचारला होता: पैसे वेळेवर मिळतील, याला जामीन कोण?