समुपदेशन आणि पर्यवेक्षण : पालकांशी दोन शब्द

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, मुळशी येथे केलेले भाषण)



आपला मुळशी तालुका पूर्वी भातशेतीसाठी, धरणासाठी आणि १९२१ साली सुरू झालेल्या, सेनापती बापटांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध होता. आज लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम यांसारखी विद्यापीठे उभी आहेत. शिक्षण दाराशी आले, तसे त्याचे ताणही आले. विद्यापीठात समुपदेशनाचे काम करणाऱ्या माझ्यासारखीला पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "आमचा मुलगा तुमच्याशी काय बोलला, ते आम्हांला का सांगत नाही? फी तर आम्हीच भरतो!" हा प्रश्न काळजीपोटी येतो. म्हणून आज त्याचेच उत्तर द्यावे म्हणते.

समुपदेशन या शब्दात 'उपदेश' दडलेला असला, तरी हे काम उपदेशाचे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला. समोरच्याला तयार उत्तर देऊ नये. त्याचे म्हणणे मनापासून ऐकावे, म्हणजे वाट त्याची त्यालाच सापडते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. तीन विषय राहिले आहेत, पण घरी "पास झालो" असे सांगून बसला आहे. अब्बांनी कर्ज काढून फी भरली, या विचाराने त्याला झोप लागत नाही. तो म्हणतो, "मॅडम, घरी कळवू नका." त्याचे बोलणे ही माझ्याकडे ठेवलेली अमानत आहे. अमानतीत खयानत झाली, तर तो पुन्हा येणार नाही आणि त्याचे मित्रही येणार नाहीत. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची माहिती गुप्त राहावी, हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दिला आहे. मात्र जिवाला धोका दिसला, तर गुप्तता बाजूला ठेवून घरच्यांना व डॉक्टरांना कळवावे लागते. ही अट पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितली पाहिजे.

आता आपण विचाराल, "मग समुपदेशकावर लक्ष कोणाचे?" रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणजे पर्यवेक्षण. पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे सर डोळ्यांसमोर येतात. आमचे पर्यवेक्षण तसे नव्हे. समुपदेशक ठरावीक दिवशी अनुभवी ज्येष्ठांपुढे बसतो आणि विद्यार्थ्याचे नाव-गाव न सांगता आपले काम उलगडून दाखवतो. रॉजर्स यांनी तर १९४० च्या दशकातच संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांवरून शिकाऊ समुपदेशकांना शिकवले.

वरच्या उदाहरणात समुपदेशिकेला त्या मुलाची दया येते. लगेच अब्बांना फोन करावा, असे तिला वाटते. ज्येष्ठ तिला विचारतात, "हा फोन त्या मुलासाठी, की तुमच्या जिवाची घालमेल थांबावी म्हणून?" एवढ्या एका प्रश्नाने दिशा बदलते. फोन करण्याऐवजी ती मुलाला स्वतः घरी बोलण्याचे बळ देते. कोणत्या दिवशी बोलायचे, सुरुवात अम्मीपासून करायची की अब्बांपासून, पहिले वाक्य कोणते, हे दोघे मिळून ठरवतात. खरे ते त्याच्याच तोंडून घरी कळते आणि बाप-लेकाचे नाते तुटत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असा निर्देश दिला. म्हणून प्रवेश घेताना फी आणि वसतिगृह यांच्याबरोबर तीन गोष्टी विचारा : समुपदेशक आहे काय? त्याचे रीतसर शिक्षण झाले आहे काय? त्याला पर्यवेक्षक आहे काय?

विद्यार्थी मित्रहो, रात्री-अपरात्री मन फार जड झाले, तर १४४१६ या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही. आम्ही समुपदेशकदेखील ती मागतो.

आणि पालकहो, मूल समुपदेशकाकडून परत आले, की "काय बोललास?" असे विचारू नका. "जेवलास का?" एवढेच विचारा. पुढचे ते आपणहून सांगेल, अशी जागा घरात ठेवा.