थकबाकीचा आकडा वाढला म्हणून घाबरू नका
(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



गटाच्या बैठकीत मला नेहमी विचारतात, "मॅडम, बँक आमच्या गटाची प्रतवारी करते, मग बँकेची प्रतवारी कोण करतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचं उत्तर देते, आणि त्यातून आपण काय घ्यायचं तेही सांगते.

बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. सगळ्या बँकांचे आकडे ती दरवर्षी जाहीर करते. बँका नीट चालतात का, हे बघायला तीन गोष्टी बघाव्या लागतात. त्या किती लोकांपर्यंत पोहोचल्या? एक रुपया कमवायला किती पैसे खर्च केले? आणि दिलेल्या कर्जापैकी किती अडकलं?

यातलं एकच माप धरलं तर फसगत होते. 1969 साली 14 मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात साधारण 64 हजार माणसांमागे बँकेची एक शाखा होती. 1990 च्या सुमारास साधारण 14 हजार माणसांमागे एक शाखा झाली. पोहोच वाढली, हे मोठंच काम झालं. पण मार्च 1997 मध्ये बघितलं, तर बँकांच्या दर 100 रुपये कर्जातले 15 हून जास्त रुपये थकीत होते. म्हणजे एका मापात पास, दुसऱ्या मापात नापास.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नीट लक्ष द्या. मार्च 2015 मध्ये थकीत कर्ज 100 रुपयांत 4 रुपयांच्या थोडं वर होतं. मार्च 2018 मध्ये ते 11 रुपयांच्या वर गेलं. तीन वर्षांत बँका एवढ्या बिघडल्या का? तसं नाही. बरंचसं दुखणं जुनंच होतं. मोठमोठ्या कंपन्यांची कर्जं फिटत नव्हती, पण काही ठिकाणी मुदत वाढवून, नवं-जुनं करून ती कागदावर चांगली दाखवली जात होती. 2015 साली रिझर्व्ह बँकेने कर्जांची कडक तपासणी सुरू केली आणि झाकलेलं उघडं पडलं. आकडा वाईट दिसला, पण खरा दिसला. दुखणं कळलं तेव्हाच उपचार सुरू झाले. मार्च 2024 पर्यंत तो 3 रुपयांच्या खाली आला.

खाली आला म्हणून लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, तो कशामुळे उतरला ते विचारायचं. काही कर्जं वसूल झाली, आणि बरीचशी निर्लेखित केली, म्हणजे वहीतून बाजूला काढली. 2014-15 ते 2022-23 या नऊ वर्षांत अशी साडेचौदा लाख कोटी रुपयांच्या आसपास कर्जं बाजूला काढली गेली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू ठेवता येते. पण आकडा त्यानेही उतरतो.

आता आपल्या गटाकडे येऊ. आपल्याकडे "100 टक्के परतफेड" लिहायची फार हौस. एखाद्या ताईचा हप्ता चुकला की तिला नवीन कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं फेडून घ्यायचं. वही स्वच्छ झाली, पण ताईच्या डोक्यावरचा बोजा वाढला. पुढच्या वर्षी ती बैठकीलाच यायची बंद होते. नवं-जुनं करण्यात बुडते ती आपलीच बहीण.

मोजायचं कसं? बँकेचा नियम सोपा आहे. साधारणपणे हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला, की त्या माणसाकडचं सगळं येणं थकीत धरायचं, नुसता थकलेला हप्ता नाही. समजा, गटाचं एकूण 1,00,000 रुपये येणं आहे. एका ताईकडे 18,000 बाकी आहेत आणि हजार-हजाराचे चार हप्ते चुकलेत. नुसते हप्ते मोजले तर थकबाकी 4 टक्के दिसते. बँकेसारखं मोजलं तर 18 टक्के. जोखीम खरी 18 ची आहे.

म्हणून माझी विनंती आहे. दर 31 मार्चला प्रत्येक गटाने तीन आकडे काढायचे: थकीत कर्जाची टक्केवारी, वर्षाचा खर्च, आणि किती सभासदांना कर्ज मिळालं. दरवर्षी एकाच पद्धतीने मोजायचं. माप बदललं तर मागच्या वर्षाशी तुलना करण्यात अर्थ नाही. देशात 90 दिवसांचा नियम मार्च 2004 पासून आला, त्याआधी मुदत जास्त होती. त्यामुळे जुने आकडे वाचताना जाणकारही हे लक्षात ठेवतात.

आणि ग्रामसंघाच्या ताईंना हात जोडून सांगते, पहिल्या वर्षी एखाद्या गटाचा आकडा वाढला तर त्यांना सभेत उभं करून बोलू नका. बोललात तर पुढच्या वर्षी पुन्हा 100 टक्के लिहून येईल. त्यापेक्षा त्या ताईच्या घरी जा. दूध कमी झालं का, दवाखाना निघाला का, हे विचारा. हप्ता लहान करून मुदत वाढवायची असेल तर खुशाल वाढवा, पण बैठकीत सगळ्यांसमोर ठराव करून, वहीत तसं लिहून.

वही आपली आहे. तिच्यात खरं लिहिलं तरच ती अडचणीत आपल्या उपयोगी पडेल.