आगरकर : संपादक आणि शिक्षक

गोपाळ गणेश आगरकरांचे नाव घेतले की बंडखोर सुधारक डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यामागचा शिक्षक मात्र झाकला जातो. १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू गावी जन्मलेल्या या दरिद्री विद्यार्थ्याने एम. ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा मोह टाळला आणि न्यू इंग्लिश स्कूलमधील तुटपुंज्या वेतनाची मास्तरकी पत्करली. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला, तेव्हा त्याचे संपादनही त्यांच्याकडेच आले.

कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. पुढे 'वाक्यमीमांसा' लिहिली. नाटककार आणि व्याकरणकार ही जोडी वरवर विजोड वाटते. परंतु वाक्याचे अवयव सुटे करून प्रत्येकाचे कार्य विचारणारी बुद्धी रूढीलाही तोच प्रश्न विचारणार, हे उघड होते. केशवपन कोणाच्या हिताचे? बालविवाहाला आधार कोणता? मुलींना मुलांबरोबर एकाच वर्गात का बसवू नये?

पेच येथेच पडला. 'केसरी' एकट्या आगरकरांचा नव्हता, मंडळाचा होता. आणि सामाजिक प्रश्नांवर मंडळातील बहुमत त्यांच्या विरुद्ध होते. सामुदायिक निर्णयाची शिस्त कोणत्याही चळवळीला लागतेच, म्हणून टिळकपक्षाला सर्वस्वी दोषी धरणे न्याय्य नाही. पण संपादकाने बहुमताचा लेखनिक व्हावे काय? चळवळीचे पत्र चालविणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. आगरकरांनी सहकाऱ्यांवर कुरघोडी केली नाही, की स्वतःचे मत गिळलेही नाही. १८८७ साली त्यांनी संपादकपद सोडले, आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. त्याच्या इंग्रजी भागाला तरुण गोखल्यांचे साहाय्य होते. संमतिवयाच्या वादात 'सुधारक' आणि 'केसरी' समोरासमोर उभे ठाकले.

पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ साली वामन शिवराम आपटे निधन पावले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. ज्या शहरात त्यांची तिरडी बांधली गेली, त्याच शहरातील पालक आपली मुले त्यांच्या हाती सोपवीत राहिले. दम्याने खंगलेल्या देहाने १७ जून १८९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते त्या पदावर होते. त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती.